एकोणतीस पिवळे ठिपके

१

मेलेल्या माणसाच्या घरी फोन करायचं काम कुणी आपण होऊन अंगावर घेत नाही. ते अबूबकर परकारच्या गळ्यात पडलं, कारण आखातातल्या त्या वर्कशॉपचा सुपरवायझर तो, मराठी बोलणारा तो, आणि मेलेला रामेश्वर त्याच्याच हाताखालचा मेकॅनिक.

पलीकडे, बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर, रामेश्वरची आई पारूबाई शेजाऱ्याच्या फोनवर आली. ती रडली नाही. रडून झालं असावं. बातमी आदल्या दिवशीच मजुरांच्या कॅम्पमधून कुणीतरी पोचवली होती, आणि बातमीसोबत कुजबुजही.

"कुनीतरी गाडीचा नट काढून ठिवला म्हनं," ती म्हणाली. "कुनी काढला, साहेब?"

"अजून कळलं नाही, मावशी."

"तुमी बगा. त्यो तुमचं नाव लई घ्यायचा."

"मी शोधून काढतो," अबूबकर म्हणाला. फोनवर माणूस काहीही कबूल करतो. पण हा माणूस शब्द देऊन विसरणाऱ्यांतला नव्हता, आणि तेच त्याला पुढे महागात पडलं.

घडलं होतं ते असं. २००५ च्या जानेवारीतला शेवटचा बुधवार. हवेत धूळ भरलेली, सूर्य नुसता मळकट डाग होऊन बसलेला. सकाळी सात वाजता रामेश्वर इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधून अरबाबची, म्हणजे मालकाची, लाडकी गाडी घेऊन निघाला. १९७० सालची अमेरिकन गाडी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, गुरगुरली की शेजारच्या गाळ्यातली पत्र्याची भिंत हलायची. उम्म सलाल मोहम्मद या गावापर्यंत चालवून परत आणायची, एवढंच काम होतं. साडेसातला एका वळणावर डावं चाक भलतीकडेच वळलं आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. पोलिसांना तीनशे मीटर मागे रस्त्यावर एक नट सापडला. स्टिअरिंगचा टायरॉड चाकाशी जोडणारा, डाव्या बाजूचा. त्याचे आटे शाबूत होते. आटे शाबूत म्हणजे नट तुटला नाही. म्हणजे कुणीतरी आधी सैल केला.

आणि तसं करणारा माणूसही पोलिसांना आयताच मिळाला. गाडीचा पुढचा भाग जोडला होता साताऱ्याकडच्या बाजीरावने, आणि आठवड्यापूर्वी मेसमध्ये वीस जणांसमोर तो रामेश्वरला म्हणाला होता, "तू घरी कसा जातोस तेच बगतो."

मोडलेली गाडी ताडपत्री घालून वर्कशॉपच्या आवारात आणून ठेवली होती. हात लावायचा नाही, बघायला हरकत नाही, असा हुकूम होता. अबूबकर खाली वाकला. टायरॉडचा उघडा पडलेला स्टड, नट बसतो ती आट्यांची दांडी, त्याला दिसला. त्याच्या टोकावर आणि कॉटर पिनच्या बारीक भोकात पिवळा रंग अजून घट्ट बसलेला होता. एवढ्या धडकेतही ठिपका उडाला नाही, हे पाहून त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

दुपारी पोलीस ठाण्यातून लेफ्टनंटचा फोन आला. "अबूबकर, तू आमचा दुभाषी म्हणून ये. तुझ्या माणसाला काय बोलायचं ते बोलू दे. रविवारी फाइल वर जाईल. मग खलास, माझ्या हातात काही नाही."

२

त्या पिवळ्या ठिपक्यांबद्दल आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही.

अरबाबला गाडी नुसती नवी करून नको होती. पस्तीस वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडली होती, तश्शी हवी होती. त्या काळी कारखान्यात रंगारी घाईत असला तर दाराच्या आत रंगाचा ओघळ राही. तो ओघळही पाहिजे. आणि तिथे एकाने नट घट्ट केला की दुसरा तो तपासून ब्रशने एक ठिपका देई. तपासल्याची ती खूण. गाडी उघडताना अबूबकरने पस्तीस वर्षांचा मळ रॉकेलने हळूहळू धुऊन गाडीच्या पोटाखाली असे एकोणतीस पिवळे ठिपके शोधून काढले होते. प्रत्येकाचा फोटो घेतला होता. कारागिरांना जमवून त्याने समजावलं होतं, "हा ठिपका म्हणजे एका माणसाची साक्ष आहे. मी पाहिलंय, असं तो सांगतोय."

कारागिरांनी ठिपक्याला आपलं नाव दिलं, हळद. "हळद लागली का रं?" असं एकमेकांना विचारायचे. नट घट्ट झाला की कारागीर हाक मारी आणि अबूबकर ब्रश घेऊन येई. हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. पेंटर मन्सूरचा हात फार सफाईदार. त्याने दिलेला ठिपका टिकलीसारखा गोल यायचा. कारखान्यातल्या कंटाळलेल्या माणसासारखा वेडावाकडा ठिपका फक्त अबूबकरला साधे. त्याचा त्याला अभिमान होता. मळाखालून ठिपका हुडकणाऱ्याला खुनी हुडकणं काय जड, असंही त्याला आतून वाटत होतं.

पोलीस ठाण्यात बाजीराव दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"म्या न्हाय केलं, साहेब."

"मग तसं बोललास का?"

"रागात बोललो. मे म्हैन्याची रजा त्याला मिळाली, मला न्हाय. माजी पोरगी चार वर्साची झालीया. फोटोतच बगतोय तिला." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "आता कवा बगायचं?"

"डाव्या टायरॉडचा नट. तू शेवटचा हात कधी लावलास?"

"त्या अंगाला म्या नंतर हातच लावला न्हाय. ते काम झाल्यालं व्हतं."

अबूबकरने हे अरबीत सांगितलं. लेफ्टनंटने लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "काम झालं होतं, तर नट आपोआप निघाला का?"

निघताना बाजीरावने अबूबकरचा हात धरला. "साहेब, माझ्या बायकूला सांगू नगा. संजीवनीला म्हना, कामात हाय." तो हात तापाने पोळत असल्यासारखा गरम होता.

३

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर त्याने मन्सूरला मशिदीच्या दाराशीच गाठलं. मन्सूर श्रीवर्धनचा, वीस वर्षं रंगकाम करणारा पेंटर, आणि बुधवारी सकाळी रामेश्वर निघाला तेव्हा वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी हजर नव्हतं. शिवाय त्यालाही रामेश्वरचा राग होताच. दारातला तो मुद्दाम ठेवलेला ओघळ रामेश्वर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा आणि हसायचा.

"माज्यावर नजर हाय काय तुजी, अबूभाय?" मन्सूर सरळच म्हणाला.

"माझी सगळ्यांवर आहे."

"ओघल तू माज्याकडना मुद्दाम पाडून घेतलास. राग धरायचा तं तुज्यावर धरीन. तो बिचारा नुसता हसायचा." त्याने चपला पायात सरकवल्या आणि तिथेच उभा राहिला. "मी त्याला शेवटचा बघितला, अबूभाय. रात्री झोप येत नाय."

"काय करत होता?"

"गाडीखाली निजला होता. हातात बॅटरी. हलद मोजीत होता मोठ्यानं. एकोनतीस झाल्या, म्हनला, सगल्या हायत, आन उठला."

"डाव्या चाकाजवळ मोजली?"

"तिथनंच सुरू केलान. पयली तीच."

"मग?"

"मग काय? बसला, चालू केलान, गेला. पाच मिनटा पन झाली नसतील. गेट मीच उघडला."

"हातात पाना नव्हता?"

"पाना कशाला? बॅटरी होती, सांगितला ना."

अबूबकर गाडीत येऊन बसला आणि किल्ली न लावता तसाच राहिला. सात वाजता नट जागेवर होता, त्यावर ठिपका होता, रामेश्वरने डोळ्यांनी पाहिला होता. सात-पाचला गाडी गेटबाहेर. साडेसातला नट रस्त्यावर. मधे गाडी कुठे थांबायला वेळच नव्हता. म्हणजे बाजीरावने नाही, मन्सूरने नाही, रात्री कुणी चोरून शिरलं असेल तर त्यानेही नाही. आटे शाबूत असलेला, कॉटर पिन घातलेला नट धावत्या गाडीतून कोणी काढला?

४

शनिवारी सकाळी उठल्या उठल्या त्याला आपण विचारलेल्या प्रश्नातच खोट दिसली. कॉटर पिन घातलेला नट. पिन होती हे कोण म्हणालं? कुणीच नाही. तो स्वतःच धरून चालला होता.

ही पिन म्हणजे मोठी चीज नव्हे. स्टडच्या भोकातून एक तार आरपार घालायची, दोन्ही टोकं वाकवायची, की नट फिरायचं नाव घेत नाही. पण ह्या गाडीसाठी तीसुद्धा अमेरिकेहून मागवली होती, जुन्या घडणीची. एका पुडीत दोन, उजवीची एक, डावीची एक.

स्टोअरकीपर रहमान केरळचा. फळीवरून हात फिरवत त्याने पुडी काढली आणि काउंटरवर उपडी केली. एक पिन टणकन पडली.

अबूबकरने पुडी झटकून पाहिली.

"दो थी ना, रहमान?"

"दो थी. बाजीराव दाहिने का ले गया, बोला बायाँ कल लूँगा. फिर उसको बुखार आया. फिर ईद आ गया." रहमानने खांदे उडवले. "मैं समझा, लोकल पिन लगा दिया."

लोकल पिन लावलेली नव्हती. हे मात्र अबूबकरला शपथेवर सांगता आलं असतं, कारण स्टडच्या भोकात पिवळा रंग भरलेला त्याने स्वतः पाहिला होता. पिन असती तर रंग पिनवर बसला असता, भोकात शिरला नसता. ठिपका दिला गेला तेव्हा भोक रिकामं होतं.

म्हणजे नट कुणी काढलाच नव्हता. तो कधी पक्का केलेलाच नव्हता. हाताने फिरवून ठेवलेला नट, सवाशे किलोमीटरच्या वेगाच्या हादऱ्यांनी एकेक आटा उलटा फिरत गेला आणि गळून पडला. खून नव्हताच. हलगर्जी होती.

सुटकेचा श्वास टाकावा, तर तोही नीट येईना. हलगर्जी कुणाची? पुडीतली पिन बोट दाखवत होती ते बाजीरावकडेच. म्हणजे फाशीच्या दारातून काढून तुरुंगाच्या दारात उभा करायचा, एवढंच अबूबकरने साधलं होतं.

५

"खरं सांग," दुपारी ठाण्यात तो बाजीरावला म्हणाला. "डाव्याची पिन तू घातलीच नाहीस."

बाजीरावने मान खाली घातली. "न्हाय."

"मग काम झालं होतं असं का म्हणालास?"

"झाल्यालंच व्हतं की. ईदच्या आदल्या हप्त्यात सोमवारी म्या नट हातानं फिरवून ठिवला, रात्री ताप भरला. चार दिस कॅम्पात पडून व्हतो. शनवारी आलो, बगतो तर हळद लागल्याली. म्हटलं, रामेश्वरनं माझ्या माघारी टाईट मारला आसंल. भांडत व्हता, पन कामाला चोख." त्याने वर पाहिलं. "आन हळद लागल्यावर पुन्यांदा पाना लावायचा न्हाय, ठिपका मोडतो, ह्ये तुमीच बजावलं व्हतं, साहेब. म्हून हात लावला न्हाय."

लेफ्टनंटने विचारलं, "काय म्हणतोय?"

आयुष्यात पहिल्यांदाच अबूबकरला अरबी सुचेना. "उद्या सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "इन्शाल्ला, उद्या."

वर्कशॉपमध्ये त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड होता. डाव्या रांगेत कारखान्यातले जुने ठिपके, उजव्या रांगेत त्याने दिलेले नवे. एकोणतीस जोड्या. येईल त्याला तो कौतुकाने म्हणायचा, फरक ओळखून दाखवा. आजवर कुणी दाखवला नव्हता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, तसं झालं होतं. तीन दिवस तो जगाला प्रश्न विचारत हिंडला आणि उत्तर त्याच्या खुर्चीच्या मागे टांगलेलं होतं. सातवी जोडी, डावा टायरॉड. जुन्या फोटोत गंजलेल्या पिनची दोन वाकडी टोकं दिसत होती आणि पिवळा रंग त्यांच्यावर सांडलेला. नव्या फोटोत तोच रंग, तसाच वेडावाकडा, अगदी हुबेहूब. पिन नव्हती.

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख होती. बारा जानेवारी. बाजीराव तापात पडलेला तो बुधवार.

त्याला सगळं आठवलं. विसरला होता कुठे? फेब्रुवारीतल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या अमेरिकन परीक्षकाने आधी ठिपक्यांचे फोटो मागवले होते, गुरुवारच्या आत. तेव्हा कुणी हाक मारायची वाट न पाहता अबूबकर एकटाच गाडीखाली शिरला आणि राहिलेले सगळे ठिपके एका बैठकीत देऊन टाकले. घट्ट करणं बाजीरावचं काम. आला की करीलच, असं मनाशी म्हणत. रंग कुठे लागला पाहिजे, एवढंच त्याचे डोळे बघत होते. परीक्षकाचं उत्तर आलं, अप्रतिम. मग ईद आली. शीरखुर्मा खाल्ला, आणि राहिलेलं काम डोक्यातून गेलं ते गेलंच.

मी पाहिलंय, असं त्याने एकोणतीस वेळा लिहून ठेवलं होतं. बाजीरावने ते वाचलं आणि पाना ठेवून दिला. रामेश्वरने ते मोजलं आणि गाडीत बसला.

अबूबकरने फोटो बोर्डावरून काढला. अर्ध्या हाताचा कागद. फाडला की संपलं. बाजीराव पिन घातली नाही हे कबूल करून बसलाच होता, रहमानला पुडीपलीकडे काही ठाऊक नव्हतं, मन्सूरला कुणी विचारणार नव्हतं. मुलगी इकरा दहावीला. घर, अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, बावीस वर्षांची नोकरी, सगळं त्या कागदाचे दोन तुकडे केले की वाचणार होतं. त्याने कागद दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ तसाच धरून राहिला.

६

अल अझीझियातल्या त्याच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बांधकामांच्या क्रेन दिसत. धुळीमुळे त्या दिवशी त्याही दिसत नव्हत्या. बायकोने, जैतूनने, ताट वाढलं. त्याने फोटो टेबलावर ठेवला आणि तिला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "कोनाला म्हायती हाय?"

"तुला."

"मी काय सांगनार नाय." ती पदराशी चाळा करत राहिली. "पोरीकडं बघून सांगते, नका जाव."

मग तिनेच विचारलं, "त्याच्या आईला तुमी काय बोल्लाव?"

"शोधून काढतो म्हटलं."

जैतूनने त्याच्यासमोरचं ताट उचललं, आत नेऊन झाकून ठेवलं. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "मंग सापडला, असा तिला सांगायला लागल," ती म्हणाली. "उद्या सकाली स्वेटर घालून जा. ठान्यात थंडी असंल."

रविवारी आठ वाजता अबूबकरने लेफ्टनंटच्या टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: फोटोंची सातवी जोडी, पुडीतली पिन, आणि पिवळ्या रंगाने टोक कडक झालेला ब्रश. मन्सूरने काय पाहिलं तेही सांगितलं. अर्धा तास तो बोलत होता, आणि ह्या वेळी अरबी कुठे अडली नाही.

लेफ्टनंटने फोटो उलटसुलट पाहिला. "पण नट घट्ट नसताना तू खूण केलीस का?"

"फोटोसाठी."

जबाब लिहून लेफ्टनंटने पुढे सरकवला. अबूबकरने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. परत एकदा वाचलं. मग सही केली.

कॉरिडॉरमधून बाजीरावला सोडायला नेत होते. दाराशी तो थांबला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. "साहेब," तो म्हणाला. शिपायाने त्याला हलकेच पुढे ढकललं.

"घरी फोन करायचा असेल तर कर," लेफ्टनंट म्हणाला. "नंतर जमणार नाही."

अबूबकरने अझीझियाचा नंबर लावला नाही. भारताचा लावला. शेजाऱ्याने हाक मारली, पलीकडे कुठेतरी कोंबड्या ओरडल्या, आणि पारूबाई आली.

"सापडला का, साहेब?"

"सापडला, मावशी."

"कोन हाय त्यो?"

"मी आहे," अबूबकर म्हणाला. "नट घट्ट झालेला नव्हता, आणि झालाय अशी खूण मी केली. न बघता केली. रामेश्वर त्या खुणेवर विसंबून गेला. बाजीरावने काही केलं नाही. मीच."

पलीकडून तिचा आवाज आला, कुणाला तरी समजावून सांगावं तसा, हळू.

"तसं कसं आसंल, साहेब? त्यो तर म्हनायचा, काळजी करू नगंस, आये. आमचे साहेब समदं बगत्यात."

लेफ्टनंटने फोनसाठी हात पुढे केला. अबूबकरने तो कानापासून काढून त्याच्या हातात दिला.